जोत्याला लागलेली माती

बांधकाम खात्यात 31 वर्षं काढलेल्या माणसाला हे लिहिताना लाज वाटायला हवी, आणि वाटतेच. माझ्या घराला वाळवी मीच लावली. एवढं कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

निवृत्तीनंतर सांगलीत, विश्रामबागेतल्या घरापुढं हौसेनं लॉन केलं. आमच्याकडची माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून चार ट्रॉल्या लाल माती आणून पसरली आणि तिच्यावर मेक्सिकन लॉनचे तयार गालिचे अंथरले, थेट भिंतीला भिडवून. मध्ये हातभर जमीन उघडी दिसली तरी मला ते काम अर्धवट वाटायचं. या नादात जोतं वीतभर गाडलं गेलं. रोज संध्याकाळी मी पाइप धरून उभा. एप्रिल-मे महिन्यात तर टँकर मागवून पाणी घातलं. हरळीचा कोंब दिसला की खुरप्यानं मुळासकट काढायचो. "अहो, गणपतीला दूर्वा विकत आणता आणि दारातल्या उपटून फेकता," असं ही म्हणायची. तिचं पटत होतं, म्हणूनच राग यायचा.

दर महिन्याला फवारणी ठरलेली. मुंग्या, झुरळं, डास, सगळ्यांवर एकच औषध. त्यानं नेमकं काय मरतं ते मी कधी पाहिलं नाही. वास आला की समाधान व्हायचं.

पहिला दणका हुमणीनं दिला. ऑगस्टअखेर लॉनवर पिवळे चट्टे पडले. मी पाणी वाढवलं, युरिया टाकला. चट्टे पसरतच गेले. गावाकडं ऊस करणारा थोरला भाऊ आला, त्यानं गवताची मूठ धरून ओढली, तर सतरंजी उचलावी तसा तुकडाच वर आला. मुळं जागेवर नव्हतीच. खाली अर्धगोल वळलेल्या पांढऱ्या, जाड अळ्या, डोकी तपकिरी. "आता औषध ओतून काय उपयोग?" दादा म्हणाला. "वळीव पडला की हुमणीचे भुंगेरे अंधार पडताना जमिनीतून निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. तेव्हाच फांद्या हलवून गोळा करायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. तू तेव्हा काय करत होतास?" मी पाणी घालत होतो. माझ्या फाटकाबाहेरच कडुनिंब आहे. रात्री पाला खाऊन उतरलेल्या भुंगेऱ्यांना अंडी घालायला ओली, भुसभुशीत जागा लागते. साऱ्या गल्लीत ती मीच तयार ठेवली होती.

तरीही डोळे उघडले नाहीत. पुढच्या जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसानंतर, पंखवाली वाळवी बाहेरून दिव्यावर आली नाही. ती बेडरूमच्या चौकटीतूनच निघाली. चौकटीवर टिचकी मारली तर आवाज पोकळ. घराला केलेल्या वाळवीच्या उपचाराची हमी संपलेली नव्हती, म्हणून पेस्ट कंट्रोलच्या माणसाला बोलावून भरपूर सुनावलं. औषधात पाणी घालता का, इथपर्यंत गेलो. तो पोरगा काही बोलला नाही. माझंच खुरपं घेऊन त्यानं भिंतीलगतची माती बाजूला केली. जोत्यावरून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या सरळ वर चढल्या होत्या. "साहेब, औषधाचा पट्टा खालच्या मातीत आहे. तुम्ही वरून नवीन भर टाकली. ती या भरीतून आली."

वाळवीची कातडी इतकी पातळ की कोरड्या हवेत ती टिकत नाही. म्हणून तर ती नळ्या बांधत येते. तिला ओल लागते, अंधार लागतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. जोत्याला टेकलेली भर मी साइटवर कंत्राटदारांना उपसायला लावलेली आहे, बिलं अडवून. त्या दिवशी मी माफी मागितली नाही. फूटफूट अंतरावर भोकं पाडून त्यानं पुन्हा औषध भरलं आणि वरचे पैसे मी घासाघीस न करता दिले. तीच माझी माफी. त्याला ती कळली असेल असं वाटत नाही.

आता भिंतीलगत दोन फूट नुसती खडी आहे, जोतं चारही बाजूंनी दिसतं. औषधांचा मी शत्रू झालेलो नाही. चौकट त्यांनीच वाचवली. पण महिन्याची फवारणी बंद केली. त्याऐवजी दर रविवारी कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे घासतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही टिकतात. लॉन निम्मं झालं, उरलेल्यात हरळी शिरली. ती मे महिन्यात वाळून पिवळी पडते, पावसात आपोआप उठते. टँकर बंद. मागच्या गणपतीला हिनं दारातल्याच दूर्वा खुडल्या, आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

शेजारच्या नव्या बंगल्यापुढं परवा लाल मातीच्या तीन ट्रॉल्या उतरल्या. भिंतीला चिकटूनच ढीग लावलाय. सांगायला म्हणून मी दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो आहे.