कुशीनाराची वाट

वसंतात, उन्हे तापण्याआधी, आम्ही सहकुटुंब बुद्धभूमी पाहायला निघणार आहोत. रजा दहाच दिवसांची. मुलांना आग्रा पाहायचे होते, आईला कुशीनारा. आग्रा गाळले! १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूच्या बौद्ध परिषदेनंतर बाबासाहेब सारनाथला, कुशीनाराला गेले आणि ६ डिसेंबरला आपल्यातून गेले. आई म्हणते, ती वाट एकदा पाहायचीच.

म्हणून आधी गयेला उतरून बुद्धगया, मग राजगीर-नालंदा, वाराणसीजवळचे सारनाथ, शेवटी गोरखपूरहून बसने कुशीनारा. नालंदा, सारनाथची संग्रहालये शुक्रवारी बंद असतात, तो वार प्रवासात घालवायचा. होळीला गावी जाणाऱ्या कामगारांनी गाड्या खचाखच भरतात. आरक्षण साठ दिवस आधीच काढायचे. आईचे गुडघे दुखतात, तिला खालचा बर्थ हवा. पैशांसाठी भिशी लावली आहे, दोन हप्ते बाकी आहेत.