दहा मीटरवरून

14 जून, बुहोमा (युगांडा)
एन्टेबेहून पहाटे निघालो, पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली. वाटेत टपरीवर रोलेक्स खाल्लं, म्हणजे चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट. दादाने दोन रिचवली. पुढे केळीच्या बागा, चहाचे मळे, आणि मळा संपतो तिथेच ब्विंडीचं जंगल उभं.

15 जून
ताडोबात जिप्सीतून पाय खाली टाकला तर ओरडा बसतो. इथे गोरिला पाहायला पायीच जायचं. त्याआधी चौकशी: सर्दी? खोकला? ताप? आमच्या आठजणांतले एक जर्मन आजोबा रात्रीपासून शिंकत होते. त्यांना थांबवलं. 800 डॉलरचा परवाना! आजोबांनी काठी परत केली आणि बाकावर जाऊन बसले. वहिनीला वाईट वाटलं. मला नियम पटला.

कारण 1996 मध्ये इथल्या गोरिलांना खरूज झाली होती. केस गळले, एक पिल्लू दगावलं. डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका तेव्हा तरुण पशुवैद्यक होत्या. लागण माणसांकडूनच आली होती. केळीच्या बागेत उतरलेल्या गोरिलांनी बुजगावण्यांचे मळके कपडे हाताळले असावेत, असा त्यांचा कयास. गावात औषधपाणी नसेल तर जंगलातही आजार जाणार, हे ओळखून त्यांनी 2003 मध्ये संस्था काढली ती माणसं आणि गोरिला दोघांच्याही आरोग्यासाठी.

माग काढणारे पहाटेच पुढे गेले होते. गोरिला रोज रात्री नवं घरटं करतात. कालच्या घरट्यांपासून शोध सुरू होतो. आम्ही मागून, विजारी मोज्यांत खोचून, खाजऱ्या झुडपांना चुकवत, चिखलातून. मग एकदम "मास्क लावा."

कळपाचा म्होरक्या, पाठ रुपेरी झालेला नर, पालथ्या मुठीवर टेकून एका हाताने वेल सोलत होता. साल दातांनी ओढायची, आतला गर खायचा, चोथा टाकायचा. अजिबात घाई नाही. घामासारखा आंबूस वास. वनरक्षक घसा खाकरल्यासारखा हळूच हुंकारला. गोरिला एकमेकांना 'सगळं ठीक आहे' असं असंच सांगतात म्हणे. आम्हाला मात्र खोकायची बंदी!

दहा मीटरचं अंतर आम्ही पाळत होतो. पिल्लाला ते कोण सांगणार? ते थेट वहिनीच्या बुटांकडे निघालं आणि आम्ही सगळे पाठीमागे झुडपात. तासाभराने वनरक्षकाने घड्याळ दाखवलं. म्होरक्या तोवर उताणा झोपला होता.

16 जून
बात्वा वस्तीवर गेलो. 1991 मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या या जंगलात राहिलेल्या बात्वांना बाहेर काढलं. आता ते पर्यटकांना लाकडावर लाकूड घासून आग कशी पेटवायची ते दाखवतात. एक आजीबाई झाडावरचा मध काढण्याची नक्कल करत होत्या, जमिनीवर उभ्या राहून. आम्ही टाळ्या वाजवल्या. मला ते फार अवघड गेलं.

गोरिला वाढले, हे खरंच. 2018च्या सुमाराच्या मोजणीत डोंगरी गोरिला हजाराच्या वर भरले, त्यातले 459 ब्विंडीच्या बाजूचे. परवान्याच्या पैशावर पहारा चालतो, त्यामुळे 800 डॉलरला माझी ना नाही; रवांडात तर 1500 मोजावे लागतात. पण इथल्या 800 डॉलरमधले आसपासच्या गावांना 10. उद्यानाच्या प्रवेशशुल्काचा पाचवा हिस्सा वेगळा मिळतो, तरी ही वाटणी मला पटत नाही. त्यातही ज्यांच्या नावावर जमीनच नाही त्या बात्वांच्या हाती किती पडतं, हे दादाने विचारलं तेव्हा वाटाड्या नुसता हसला.