ग्रास कटरची खंडेनवमी

श्रावण लागला की गोव्याच्या गावागावांतून एक आवाज सुरू होतो. भजनाचा नव्हे, तो नंतर. आधी सुरू होते ती ग्रास कटरची घरघर. चवथ तोंडावर आलेली असते, मुंबईची माणसं घरी यायची असतात आणि पावसाने दारापर्यंतची पायवाट पार गिळून टाकलेली असते. मग सकाळी आठपासून या वाड्यावर एक, त्या वाड्यावर दोन अशी मशीन्स बोलू लागतात. दुकानातल्या पत्रकावर त्याचं नाव ब्रश कटर असं छापलेलं असतं. आमच्याकडे मात्र सगळे ग्रास कटरच म्हणतात. ढकलगाडीसारखं ते दुसरं यंत्र, लॉनमोवर, हॉटेलांच्या सपाट हिरवळीवर शोभतं. फोंडा महालातल्या आमच्या उताराच्या कुळागरात आणि त्याच्या वरच्या काजूच्या भाटात त्याचं काम नाही. तिथे खांद्याला पट्टा अडकवून चालवायचं मशीनच हवं.

पूर्वी हे काम कोयत्याने होत असे. दहा-बारा माणसं ओळीने वाकून गवत कापत चढणीला लागायची. आता तेवढी माणसं मिळत नाहीत, मिळाली तर त्यांची मजुरी सुपारीला आणि काजूला परवडत नाही. म्हणजे ग्रास कटर आला म्हणून माणसं गेली असं नाही. माणसं आधीच गेली होती. मशीन आलं नसतं तर निम्मी भाटं आतापर्यंत रान झाली असती. कृषी खात्याच्या अनुदानामुळे आज ते पुष्कळ घरांत आहे. पण कोयत्याबरोबर जे शहाणपण घरात आलं होतं ते या मशीनबरोबर आलेलं नाही, आणि तेवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कोयत्याचं आमच्या घरात कसं होतं ते सांगतो. काम संपलं की तो धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवायचा. पावसाळ्यात तो चुलीजवळच्या भिंतीला टांगलेला असे, कारण घरातली सर्वांत कोरडी जागा तीच. खंडेनवमीला त्याला धार लागायची आणि मग तो कुऱ्हाड, पिकासाबरोबर पाटावर बसायचा. हे कुणी कुणाला शिकवलं नाही. लहानपणापासून पाहत आलो, एवढंच. मशीनचं असं काही पाहिलेलंच नाही. जानेवारीत भाट साफ झालं की ते पडवीच्या कोपऱ्यात उभं राहतं, टाकीत उरलेल्या पेट्रोलसकट. त्यानंतर थेट मिरगानंतर, गवत गुडघ्याला लागल्यावर, त्याची आठवण होते.

फोंड्याला मी ज्या मिस्तरीकडे जातो त्याच्या दुकानात चवथीआधीच्या पंधरवड्यात पाय ठेवायला जागा नसते. एकदा मी विचारलं, "मिस्तरी, इतकीं मशिनां कशीं मोडटात?" तो कार्बोरेटर उघडता उघडता म्हणाला, "मशीन काम करून मरना, बसून मरता." मला आधी ते गमतीचं वाटलं. मग त्याने काम थांबवून दाखवलं.

आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २००३ मध्ये पाच टक्क्यांपासून ही गोष्ट सुरू झाली, २०२२ मध्ये दहा टक्क्यांपर्यंत आली आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचली. ऊसवाल्यांना त्याचा फायदा असेल, परकीय चलन वाचत असेल, ते मला मान्य आहे. पण इथेनॉलची एक खोड आहे, ते हवेतली ओल पितं. आणि गोव्यात ओलीला काय तोटा? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा प्रदेश. आषाढात इथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. अर्धवट भरलेल्या टाकीत ओल शिरत राहते आणि एका मर्यादेनंतर इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. टू-स्ट्रोक मशीनमध्ये इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलात कालवलेल्या ऑईलमधूनच. ते ऑईल राहतं वरच्या पेट्रोलबरोबर. आणि टाकीतली नळी तेल ओढते तळातून. म्हणजे इंजिनाच्या पोटात जातं ते वंगण नसलेलं पाणचट काहीतरी. मिस्तरीने एका मशीनची टाकी काचेच्या बाटलीत रिकामी केली आणि बाटली उजेडात धरली. वर निळसर, खाली पांढरं, मध्ये रेघ ओढल्यासारखी सीमा. असं मशीन चालू झालंच तर पिस्टन घासून अडकायला वेळ लागत नाही.

उन्हाळा वेगळं नुकसान करतो. पेट्रोल उडून जातं, मागे चिकट राळ राहते, तिला वार्निशासारखा वास येतो आणि कार्बोरेटरची सुईएवढी छिद्रं ती बुजवून टाकते. आतला रबरी पडदा पापडासारखा कडक होतो. मग माणूस दोरी ओढ ओढ ओढतो, खांदा दुखवून घेतो आणि मशीनला शिव्या देतो.

ज्या मशीनची ती बाटली होती, ते आमच्या वाड्यावरच्या एका तरुणाचं होतं. त्याचं घर त्या मशीनवर चालतं. तासावर घेऊन तो लोकांची परसं, भाटं साफ करून देतो. ती गोष्ट २०२२ ची. चवथ ३१ ऑगस्टला होती आणि त्याच्या आधी दोन आठवडे त्याचं इंजिन अडकलं. जानेवारीतलं उरलेलं पेट्रोल, त्यावरच जूनमध्ये नवीन ओतलेलं. पिस्टन आणि सिलिंडर बदलायचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्याला पोचत होता. वर्षातली त्याची सर्वांत मोठी कमाई त्याच पंधरा दिवसांतली, ती गेली. पुढे दुसऱ्याचं मशीन अर्ध्या वाट्याने घेऊन त्याने कामं उरकली, पण सगळीकडे उशीर होत गेला आणि आमच्या भाटाचा वरचा भाग त्या साली कापायचाच राहिला.

मार्च २०२३ गोवेकरांना आठवत असेल. म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांवर वणवे पेटले होते, हेलिकॉप्टरमधून पाणी टाकावं लागलं होतं. आमच्याकडची आग त्या मानाने किरकोळ. कुठून आली कळलं नाही, पण न कापलेल्या गवतातून ती अशी सरसर खाली आली की बघत राहावं. वाड्यावरची माणसं ओल्या फांद्या घेऊन धावली. तो तरुण सर्वांत पुढे होता. जिथे गवत कापलेलं होतं त्या रेषेवर येऊन आग आपोआप मेली. वर मात्र मोहरलेली अकरा काजूची झाडं होरपळली. एका टाकीत राहिलेल्या अर्ध्या लिटर पेट्रोलचा हिशेब कुठपर्यंत जातो पाहा.

त्यानंतर मी मिस्तरीजवळ दोन-तीन शनिवार बसून हे काम शिकलो. अवघड त्यात काही नाही. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास शेवटचं गवत कापून झालं की टाकी रिकामी करायची, मग इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. प्लग काढून त्या भोकात टू-टी ऑईलचे पाच-सहा थेंब सोडायचे, दोरी दोन-तीनदा हळू ओढायची, मग प्लग परत बसवून दोरी पुन्हा हळू ओढायची आणि जिथे ती जड लागते तिथे थांबायचं. हवेच्या फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून लावायचा. सिलिंडरच्या बाहेर ज्या पातळ पट्ट्या असतात त्यांत गवताचा भुसा भरून लगदा झालेला असतो, तो जुन्या टूथब्रशने काढायचा. तो राहिला की इंजिन तापतं. पात्याच्या डोक्याशी एक स्क्रू असतो, तो उघडून आत ग्रीस घालायचं. हे तर वीस-पंचवीस तास काम झालं की करायलाच हवं, पण त्या स्क्रूला आयुष्यात एकदाही हात न लागलेली मशीन्स मी पाहिली आहेत. शेवटी सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याचा बोळा, कारण कुंभारीण माशीला घर बांधायला ते भोक फार आवडतं. बोळा लाल रंगाचा घ्यावा, म्हणजे जूनमध्ये काढायचा राहत नाही.

मिरगाला नवं पेट्रोल, तेही दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच. ऑईलचं प्रमाण आपल्या मशीनच्या पुस्तिकेत असेल ते: ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. इथे लोक बाटलीच्या झाकणाने मापतात, ते बंद करावं. औषधाचं मापाचं झाकण दहा रुपयांनाही महाग नाही. फोर-स्ट्रोक मशीन असेल तर पेट्रोलमध्ये ऑईल कालवायचं नाही, त्याचं ऑईल वेगळं असतं आणि ते दर पन्नास तासांनी बदलावं लागतं. नायलॉनच्या दोरीचीही एक गंमत आहे. नायलॉन पाणी पितं आणि त्यामुळे लवचीक राहतं. वर्षभर माळ्यावर सुकलेली दोरी दगडाला लागताच तुकडे तुकडे होते. वापरायच्या आदल्या रात्री तिची गुंडाळी बादलीत बुडवून ठेवली तर ती दुप्पट टिकल्यासारखी वाटते. आणि एक सांगायचं राहिलं: चष्मा. आपल्या जमिनीतला जांभ्याचा खडा पात्याला लागला की गोळीसारखा सुटतो.

मिरीच्या वेलांच्या आणि लहान माडाच्या बुंध्याशी मात्र मी अजून कोयताच वापरतो. मशीनला साल आणि गवत यातला फरक कळत नाही.

खंडेनवमीला आता पाटाशेजारी ग्रास कटरही उभा असतो. टाकीवर कुंकू, दांड्याला रोजांच्या फुलांची माळ. बऱ्याच घरांत असतो. पूजेबद्दल माझी तक्रार नाही, पण माळ घालताना फिल्टरचं झाकण कुणी उघडून पाहत नाही याचं वाईट वाटतं. कोयत्याची पूजा धार लावल्यावर व्हायची, आधी नव्हे. ऐन हंगामात येणारा हा दिवस खरं तर मशीनच्या मधल्या सफाईला नेमका सोयीचा आहे. आमच्याकडे आदल्या दिवशी पडवीत वर्तमानपत्र पसरून सगळं उघडलं जातं. घरच्यांना केरोसीनचा वास आवडत नाही, ते बोलूनही दाखवतात.

तो तरुण आता बॅटरीवर चालणाऱ्या मशीनची चौकशी करतो आहे. मला विचारत होता, "काका, तें घेतलें जाल्यार हें सगळें करचें पडचें ना न्ही?" पेट्रोलचं पडणार नाही, पण बॅटरी ओलीत आणि उन्हात टाकून चालणार नाही, असं मी सांगितलं. शिवाय चढावर दिवसभर चालायला दोन-तीन बॅटऱ्या लागतील आणि त्यांची किंमत आज त्याला झेपणारी नाही. तोवर जुनंच मशीन. संक्रांतीनंतर त्याने ते नीट कोरडं करून ठेवलं, त्याबरोबर शेजारच्या दोन घरांतलीही. पैसे घेतले नाहीत. दोन्ही घरांतून चार चार नारळ तेवढे घेऊन गेला.