खडकीचा अंबर आणि हैतीचा तुसाँ

आजचे छत्रपती संभाजीनगर हे मूळचे खडकी. ते १६१० साली मलिक अंबराने वसविले, आणि हा अंबर म्हणजे इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा, हे वैजापूरच्या मुलांना सांगताना मला नेहमीच आनंद वाटत आला आहे. हातोहाती विकला जात तो दख्खनमध्ये पोहोचला, निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी राहिला, धन्याच्या मृत्यूनंतर मुक्त झाला आणि पुढे त्याच निजामशाहीचा आधारस्तंभ होऊन १६२६ पर्यंत, मरेतो, मोगलांशी झुंजला. खुलताबादेस त्याची कबर आहे.

मात्र अंबर सुटला, तरी त्याचे जातभाई सुटले नाहीत. हबशी गुलामांची खरेदी-विक्री त्याच्या मागेही चालूच राहिली. गुलाम राज्यकर्ता झाला. गुलामगिरी जागच्या जागी राहिली. ती मुळासकट उपटण्याचे काम सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, कॅरिबियन समुद्रातील एका फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनी स्वतःच्या हातांनी केले.

फ्रान्स म्हटले की आम्हा वैजापूरकर कॅथोलिकांना घोगरगावचे फादर जाकिए आठवतात. स्वदेश सोडून आमच्या वाडवडिलांत येऊन राहिलेले ते धर्मगुरू. म्हणूनच हा इतिहास वाचताना मन चरकते. फ्रेंच राजाने १६८५ साली गुलामांसाठी कायदा केला. त्यात प्रत्येक गुलामाला स्नानसंस्कार द्यावा, रविवारी त्याला कामाला जुंपू नये, असे म्हटले होते. त्याच कायद्यात पळून गेलेल्या गुलामाचे कान कापावेत व त्याला डाग द्यावा, हेही होते. एकाच कागदावर दोन्ही! ज्याला ख्रिस्ताचा भाऊ म्हणून पवित्र पाण्याखाली घेतले, त्यालाच जनावरासारखा डाग!

उसाच्या आणि कॉफीच्या त्या मळ्यांवर सुमारे पाच लाख गुलाम राबत होते. ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडील मळे पेटले. त्या वणव्यातून पुढे आलेला नेता तुसाँ लुव्हर्त्यूर हा गुलामगिरीतच जन्मलेला, लिहिता-वाचता येणारा आणि श्रद्धावान कॅथोलिक. १७९४ साली पॅरिसच्या क्रांतिकारी सभेला गुलामगिरी रद्द करणे भाग पडले. तुसाँने १८०१ साली वसाहतीची राज्यघटना केली. या भूमीवर गुलाम असू शकत नाही, असे तिने ठणकावले आणि सार्वजनिक धर्म म्हणून कॅथोलिक धर्मच कायम ठेवला. मालकांनी गळ्यात घातलेला धर्म त्याने टाकला नाही, साखळी तेवढी टाकली. (मुक्त झालेल्या लोकांना त्यानेही सक्तीने मळ्यांवर राबविले, हे नमूद करणे भाग आहे. थोर माणसांची चरित्रे अशीच अवघड असतात.)

१८०२ मध्ये नेपोलियनचे प्रचंड सैन्य आले. तुसाँला दगा देऊन पकडले, फ्रान्सला नेले आणि ज्युरा पर्वतातील एका किल्ल्यात कोंडले. उष्ण कटिबंधात वाढलेला तो माणूस एप्रिल १८०३ मध्ये तिथल्या थंडीत मेला. पण लढा मेला नाही. पीतज्वराने खंगलेल्या फ्रेंच फौजेला देसालीनच्या सैन्याने त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला व्हेर्तियेर येथे अखेरचे पराभूत केले आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाली.

पुढची कथा शाळेत कोणी शिकवीत नाही. १८२५ साली फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवून कळविले की, स्वातंत्र्याला मान्यता हवी असेल, तर मळेवाल्यांच्या नुकसानीचे पंधरा कोटी फ्रँक भरा. नुकसान म्हणजे जमीन, आणि गुलामही! ज्यांना विकले होते, त्यांनीच आता स्वतःची किंमत चुकती करायची. पहिल्या हप्त्यासाठीही पॅरिसच्याच सावकारांकडून कर्ज काढावे लागले. पुढे रक्कम नऊ कोटींवर आली, तरी या देण्याने देशाचा कणा मोडला.

आपल्याकडे मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते. हंगाम संपतो, उचल फिटत नाही, मग पुढच्या वर्षी पुन्हा कोयता. निदान उचल तरी त्यांनी घेतलेली असते. हैतीच्या लोकांनी काहीच घेतले नव्हते. तरी त्या देण्यापायी काढलेल्या कर्जांची अखेरची फेड झाली १९४७ साली, आपला देश स्वतंत्र झाला त्या वर्षी.