मोटार बघायला

हल्ली पुण्या-मुंबईकडे जेवायला जाण्याची एक नवी तऱ्हा निघाली आहे. तिला ‘सपर क्लब’ म्हणतात. हॉटेल नाही, पाटी नाही. कुणाच्या तरी घरी एका रात्रीपुरती पंगत बसते. पैसे आधी भरायचे, पत्ता अगदी शेवटी कळणार, आणि शेजारी बसलेला माणूस जन्मात न पाहिलेला! मुंबईत कुलाब्याच्या बोहरी मायलेकांनी २०१४ साली आपल्या घरात असा थाळ मांडला आणि ‘बोहरी किचन’ या नावाने तो गाजला. आमचा पुण्याचा भाचा असल्याच एका जेवणाला जाऊन आला, तेव्हापासून खालच्या आवाजात बोलतो. “मामा, हे सगळं अंडरग्राउंड असतं!”

मी गप्प राहिलो. ज्याची सासुरवाडी बारामती-इंदापूर रस्त्यावर सणसरला आहे, त्याला गुप्त जेवणाचं कौतुक कुणी सांगू नये. आमच्याकडे त्याला आखाड म्हणतात.

श्रावण लागला की मटण बंद, म्हणून आषाढातच हौस भागवून घ्यायची, हा रिवाज महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी आहे. पण आमच्या भागाची अडचण निराळी. तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी करत इंदापूरला जाते ती ऐन आषाढाच्या तोंडावर. वारकरी दारात असताना मसाला भाजायची कुणाची छाती आहे? एकादशी झाली, गुरुपौर्णिमा झाली, की उरतो वद्य पंधरवडा. त्यातून सोमवार, गुरुवार, शनिवार वजा करा. संकष्टी आणि दुसरी एकादशी वजा करा. हाती राहतात जेमतेम सात दिवस. इतका काटेकोर हिशेब आमच्या मेव्हण्याने उसाच्या बिलाचाही कधी केला नाही. काटेवाडीला मेंढ्या पालखीभोवती रिंगण घालतात. त्यांना या सात दिवसांची कुणकुण लागली, तर रिंगण सोडून त्या पालखीबरोबर थेट पंढरपूर गाठतील!

निरोप येतो तो असा: “दाजी, बुधवारी मोटार बघायला या.” बारामती पडली मोरोपंतांची, तिकडचे निरोपसुद्धा आर्येसारखे, अन्वय लावल्याखेरीज अर्थ लागत नाही. मोटार म्हणजे विहिरीवरची पाण्याची मोटार. ती बघायला बारा माणसं, एक मोठं पातेलं आणि पाच किलो मटण लागतं.

या गुप्ततेचं कारण आमचे सासरे. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी पायी वारी. घरात अंड्याचं नावही निघत नसे. म्हणून चूल विहिरीजवळच्या लिंबाखाली, तीन दगडांची, आणि पातेलं वर्षभर गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागे. मेव्हण्याचा हात मोठा गोड. आधी हळद-मिठात शिजलेल्या मटणाचं अळणी वाटीवाटीने फिरतं. मग भाजलेलं कांदा-खोबरं आणि घरचा काळा मसाला पडतो, रस्स्यावर तवंग चढतो, आणि वारा कुठल्या दिशेला वाहतोय हा सर्वांत गंभीर विषय होऊन बसतो. शेजारच्या मळ्यात दारं धरणाऱ्यालाही हाक जाते. भाकरी कुस्करायची, कांदा बुक्कीने फोडायचा, आणि बोलायचं नाही.

त्या दिवशी सासूबाई चाळीस भाकऱ्या थापत. मोटार बघायला चाळीस भाकऱ्या कशाला लागतात, हे सासऱ्यांनी कधी विचारलं नाही. ते एवढंच म्हणत, “आज हरिपाठाला जातोय. उशीर होईल.” एरवी तासाभरात आटोपणारा हरिपाठ त्या रात्री अकरापर्यंत चाले. दाराबाहेर पडता पडता म्हणत, “विहिरीला कठडा नाही. बॅटरी घेऊन जा.” आणि सकाळी चहा पिताना विचारत, “झाली का मोटार नीट?”

“झाली.”

“चालंल आता वर्षभर,” असं म्हणून ते पेपर उघडत.

सासरे गेले. वर्षश्राद्धानंतरच्या आखाडात लपवायला कुणी उरलं नव्हतं. मेव्हण्याने अंगणातच चूल मांडली. ट्यूबलाइटचा लखलखाट, बसायला सतरंज्या. मसाला तोच, हातही तोच. जेवताना मेव्हणा दोनदा उठून देवळाच्या रस्त्याकडे बघून आला. त्या रात्री पहिल्यांदाच भाकऱ्या उरल्या.

भाच्याच्या क्लबात पत्ता लपवतात तो जेवणाला लज्जत यावी म्हणून. आमच्याकडे ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे आम्हालाही ठाऊक होतं. तरी त्यांनी कधी विचारलं नाही आणि आम्ही कधी सांगितलं नाही. एका घरात माळ आणि मटण दोन्ही इतकी वर्षं सुखाने नांदली, ती एवढ्यावरच.

पुढच्या वर्षी फोन आला, “दाजी, बुधवारी मोटार बघायला या.” पातेलं गोठ्यातून निघालं. विहिरीला आता कठडा आहे, मळ्याच्या वाटेवर दिवाही आहे. सासूबाईंनी चाळिसावी भाकरी टोपलीत टाकली, हात धुतले आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

“मी हरिपाठाला जातेय. उशीर होईल मला,” त्या म्हणाल्या. “बॅटरी घेऊन जा.”