दोन्ही गंधार

पेडणे, 8 जुलै
पावसाची झड. रशियन संगीतकार राखमानिनोव्हची चेलो-पियानो सोनाटा लावली. चेलोवर रोस्त्रोपोविच, पियानोवर देद्युखिन. चेलोच्या चार तारा खालून वर अशा लावतात की प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम असते. खालच्या तारेवर गज फिरला की मंद्रातला खर्ज भरून येतो. भजनाआधी खर्ज भरायची सवय असलेल्या माझ्या कानाला हा आवाज परका वाटत नाही.

9 जुलै
सोनाटाच्या तिसऱ्या भागासाठी पेटी जवळ घेतली. काळी दोनचा षड्ज धरला. सुरावट आधी पियानो मांडतो, मग चेलो ती उचलतो. त्यात शुद्ध आणि कोमल असे दोन्ही गंधार लगटून येतात. जोगमध्ये शुद्ध गंधार आरोहात, कोमल अवरोहात. इथे तसा नेम नाही. पियानोच्या स्वरमेळातच ते एकमेकांना छेदतात. त्यामुळे या सुरांतला आनंद आणि विषाद वेगळा काढताच येत नाही.

11 जुलै, डिचोली
भजनी मेळातल्या मंडळींना ऐकवलं. पखवाजवाले अण्णा म्हणाले, "ही साथ न्हय, दोगूय गायतात." अगदी बरोबर. राखमानिनोव्हलाही दोन्ही वाद्यं बरोबरीचीच हवी होती. 1897 मध्ये पहिली सिंफनी पडली आणि त्याचं लेखन जवळजवळ थांबलं. डॉक्टर दाल यांच्या उपचारांनंतर दुसरा पियानो कंचेर्तो झाला आणि 1901 मध्येच ही सोनाटा. ती चेलोवादक ब्रांदुकोव्हला अर्पण केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात मॉस्कोत त्याच्याबरोबरच पहिल्यांदा वाजवली.

पेडणे, 13 जुलै
गोव्यात तिसवाडी, बार्देश, साष्टीत चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवलं. डिचोली-पेडणे पोर्तुगीजांकडे आलं ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्यामुळे आमच्या वाट्याला पेटी, पखवाज, दशावतार आला. मालप्याच्या अंजनीबाईंसारखी गायिका इथलीच. हिवाळ्यात मोरजीला रशियन पाट्या दिसतात, रशियन संगीत मात्र आमच्या घरांपर्यंत येत नाही.
ते ऐकवायला स्टाफ नोटेशन येईपर्यंत थांबायचं कारण नाही. माझ्या गाण्याच्या क्लासात आधी जोगचे दोन्ही गंधार मुलांच्या गळ्यात बसवीन, मग हा भाग ऐकवीन. कोमल कुठे लागला, शुद्ध कुठे, ते मुलं स्वतः ओळखतील. ज्याला दोन गंधारांतलं अंतर कळतं, त्याला राखमानिनोव्ह कळायला दुसऱ्या परवान्याची गरज नाही.