बाराशेचा ऑटम आणि आत्याची करवंटी

मॉलमध्ये 'ऑटम कलेक्शन' लागलं होतं. प्लास्टिकची मेपलची पानं, प्लास्टिकचे पाइनकोन आणि मधोमध एक काचेचा ग्लास. म्हणे कॅन्डल होल्डर. किंमत १२०० रुपये फक्त. खोटं कशाला बोलू, मी तो जवळजवळ घेतलाच होता. दिवाळीचा बोनस खात्यात होता आणि फ्लॅटची बाल्कनी रिकामी होती. तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"त्रिपुरीला येत्येस ना? येताना मेणबत्त्या आण. बाकीचं मी बघत्ये."

होल्डर शेल्फवर परत गेला. सुपरमार्केटमधून पन्नास टी-लाइट्सचं पाकीट घेतलं, दोन दिवस रजा टाकली आणि नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात श्रीवर्धनला निघाले. बॅगेत मेणबत्त्यांच्या खाली एक निळं फोल्डर होतं. त्याच्याविषयी नंतर सांगते.

पुण्याहून श्रीवर्धन म्हणजे मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा. पावसाळ्यात ताम्हिणीत सेल्फीवाल्यांची जत्रा असते. पण खरा ताम्हिणी बघायचा तर कार्तिकात. धबधबे आटलेले, गवत सोनेरी झालेलं, खाली खाचरांत कापलेलं भात आणि त्याचा तो भाजल्यासारखा वास. आपल्याकडे ऑटम नसतो असं कोण म्हणतं? असतो की. त्याला शरद म्हणतात आणि त्रिपुरी पौर्णिमा त्यातच येते!

श्रीवर्धन हे पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव. पण बाजारात विचाराल तर लोक आधी सांगतील रोठ्याबद्दल, म्हणजे इथल्या सुपारीबद्दल. समुद्र, मग सुरूचं बन, मग नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्या सावलीत घरं. आमचं घरही तसंच. 'सावलीत' हा शब्द मात्र आता जरा जपून वापरावा लागतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. आमच्या वाडीत साडेतीनशे पोफळी होत्या. संध्याकाळी मोजल्या तेव्हा एकेचाळीस उभ्या होत्या. लॉकडाउनमुळे मी पुण्यात अडकलेली. चार दिवस आत्याचा फोनच लागला नाही. लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "घरात ऊन येतंय गो."

तर, मी पोचले तेव्हा आत्या ओटीवर सामान मांडून बसली होती. पाच-सहा करवंट्या, सुंभाचं भेंडोळं, पोफळीच्या विऱ्या, माडाच्या दोन पोया आणि काचेचा एक तुकडा.

"हे काय?"

"दिवे," आत्या म्हणाली. "हात धू आणि बस."

विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचा बुंध्याला धरून असलेला रुंद, चामड्यासारखा भाग. झावळ आपोआप गळते, त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. भिजवली की हवी तशी वळते आणि सुकली की तोच आकार धरते. पोय म्हणजे नारळाचा फुलोरा ज्यातून बाहेर येतो ते लांबट आवरण. वाळल्यावर दिसते थेट होडीसारखी. एरवी या दोन्ही वस्तू चुलीत जातात. मॉलवाल्यांना पत्ता लागला तर प्रत्येकीवर ८०० चं लेबल चिकटेल.

पहिला धडा करवंटीचा. नारळ फोडल्यावर ज्या अर्ध्याला डोळे नसतात तो घ्यायचा. बाहेरच्या शेंड्या काचेने खरवडून काढायच्या (आत्या काच वापरते, तुम्ही आपला पॉलिश पेपर वापरा). मग कापडाने खोबरेल तेल चोळायचं. दहा मिनिटांत अशी काळीभोर चमक येते की विचारू नका. करवंटी डुगडुगते म्हणून तिच्याखाली सुंभाची चुंबळ वळून ठेवायची. झाला होल्डर.

मला वाटलं, एवढं सोपं असेल तर आपण जरा क्रिएटिव्ह होऊ या. एका सुकलेल्या विरीची वाटी घेतली, कडेने सुरूची फळं चिकटवली, मधे घरातली एक उंच मेणबत्ती उभी केली आणि फोटो काढायला मोबाइल आणायला आत गेले. बाहेर आले तर मेण ओघळून वात खाली आलेली आणि विरीने छान पेट घेतलेला! मी तांब्या उचलला.

"पाणी नको!" आत्या ओरडली आणि तिने बादलीतली वाळू ओंजळीने त्यावर ओतली. आग विझली. पेटत्या मेणावर पाणी पडलं की ते उडतं, हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

"आधी वाळू, मग मेणबत्ती," आत्या म्हणाली. "जळणाऱ्या वस्तूत जळणारी वस्तू ठेवत्येस, तर मधे न जळणारी हवी ना काहीतरी?"

मग संध्याकाळपर्यंत आम्ही वाळूवरच काम केलं. किनाऱ्यावरची वाळू आणून उन्हात कोरडी केली. प्रत्येक करवंटीत दोन बोटं वाळू आणि त्यावर पत्र्याच्या वाटीतला टी-लाइट. पोयींमध्ये वाळू भरून त्यात सहा-सहा छोटे काचेचे ग्लास रोवले आणि दिवे ग्लासात ठेवले, म्हणजे वारा आला तरी विझत नाहीत. विऱ्यांचं काय? त्यांचे आम्ही नुसते तबक केले. वर मातीच्या पणत्या, भोवती झेंडू. एक संत्रंही होतं. त्याची साल मधोमध कापून वाटीसारखी अलगद सोडवली, मधला पांढरा दांडा शाबूत ठेवला आणि तेल ओतलं. दांडा तेल पिऊन घेतो आणि वातीसारखा जळतो. दोनदा फसलं, तिसऱ्यांदा पेटलं. घरभर संत्र्याचा वास!

एकूण खर्च १६० रुपये. त्यातही बराचसा मेणबत्त्यांचाच.

आता फोल्डर. वाडी आजोबांची. ती आत्या आणि बाबांच्या नावावर झाली आणि बाबा गेल्यावर अर्धी माझ्याकडे आणि दादाकडे आली. दादा टोरांटोला असतो, तिथे खरी मेपलची पानं पडतात. रिसॉर्टसाठी एकाने चांगला भाव दिला होता. दादाची संमती आली होती. आत्याची समजूत काढायचं काम माझ्याकडे होतं.

"कागद आणल्येस ना?" सुंभ वळता वळता आत्याच म्हणाली. "दादाने सांगितलं मला."

मी गप्प.

"तो चुकतोय असं नाही हो. मी सत्तरीला आल्ये. झाडावर चढायला माणूस मिळत नाही. मिळाला तर त्याची मजुरी सुपारीतून सुटत नाही. हिशेब मलाही येतो." मग तिने चुंबळीची गाठ मारली. "पण आधी ये, एक दाखवत्ये."

वादळानंतर तिने लावलेल्या पोफळी मला अजून रोपंच वाटत होत्या. पण मागच्या ओळीत, विहिरीजवळ, एका झाडाला सुपारीचा छोटासा हिरवा घड धरला होता. पाच वर्षांनी. अख्ख्या नव्या लागवडीत एकच.

"बाकीच्या दोन-तीन वर्षांत धरतील," आत्या म्हणाली. बस, एवढंच. ठेवू या, असं ती एकदाही म्हणाली नाही.

रात्री देवळातली दीपमाळ पेटली आणि आम्ही घरचे दिवे लावले. करवंट्या पायऱ्यांवर, पोयी ओटीच्या कठड्यावर. एक करवंटी आत्याने विहिरीपाशी नेऊन ठेवली, वाळूसकट, झाडापासून चांगली हातभर लांब. आग लागू नये म्हणून.

फोल्डर मी उघडलं नाही. पुण्यात आल्यावर दादाला फोन केला आणि तीन वर्षं मागितली. तोवर चढणाऱ्या माणसाची मजुरी मी देणार. हिशेब केला तर आकडा माझ्या महिन्याच्या कॉफी आणि कॅबपेक्षा कमी निघाला. दादा वैतागला. "तीन वर्षांनी तोच भाव मिळेल का?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर माझ्याकडे नाही. पण शेवटी हो म्हणाला.

तुम्हालाही करायचंय? गाव नसलं तरी चालेल. करवंटी तुमच्या किचनमध्येच आहे, वाळू जवळच्या बांधकामावर मूठभर मागा. सुकी पानं, सुरूची फळं, काथ्या ज्योतीपासून चार बोटं लांब ठेवा, पडद्याजवळ दिवा नको आणि झोपण्यापूर्वी सगळे विझवा. श्रीवर्धनला जाणार असाल तर रेल्वेने माणगाव आणि तिथून एसटी. किनाऱ्यावर पडलेलं वेचा, झाडावरचं तोडू नका.

माझ्या बाल्कनीत सध्या दोन करवंट्या आहेत. परवा ऑफिसमधल्या मैत्रिणीने विचारलं, "कुठून घेतलेस गं? महाग असतील ना?"

मी म्हटलं, "हो. तीन वर्षांचे हप्ते आहेत."